घसारा संपल्यानंतरचा ट्रक

वर्गात घसाऱ्याचा हिशेब शिकविताना उदाहरण म्हणून मी नेहमी ट्रक घेतो. सोलापूरच्या विद्यार्थ्यांना तो चटकन समजतो. खरेदीची किंमत मांडावयाची, दर वर्षी ठरावीक रक्कम वजा करावयाची आणि अखेरीस भंगाराची किंमत लिहून खाते बंद करावयाचे. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, खाते बंद झाल्यावर ट्रकचे काय होते?’’ वर्ग हसला. तास संपल्यावर तो मुलगा मला भेटला. त्याच्या वडिलांचा एकच ट्रक होता आणि तो ते स्वतःच चालवीत. ट्रक भंगारात गेला त्या दिवशी वडिलांनी त्याचे स्टिअरिंग तेवढे काढून घरी आणले. ते अजून भिंतीवर टांगलेले आहे.

त्याच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की आपल्या जिल्ह्यात ट्रक सहजासहजी मरत नाही. महामार्गावरून उतरला की तो हंगामात ऊस ओढतो. पुढे पाठीवर टाकी चढवून उन्हाळ्यात गावोगाव पाणी पोहोचवितो. तेही जमेनासे झाले, की एखाद्या लिंबाखाली उभा राहतो आणि शेवटी गॅसकटरने तुकडे होऊन वजनावर विकला जातो. अर्धशतक राबलेल्या यंत्राचा निरोप असा होतो.

जगात सर्वत्र असेच घडते असे मात्र नव्हे. ब्रिटनमध्ये जुन्या मालमोटारी आणि बसगाड्या दुरुस्त करून जतन करणाऱ्या छांदिष्टांची फेरी १९६२ सालापासून लंडन ते ब्रायटन या मार्गावर निघते. अमेरिकेत १९७१ साली केवळ ट्रकच्या इतिहासासाठी एक संस्था स्थापन झाली. हा छंद मोठ्या चिकाटीचा आहे. वर्षानुवर्षे उभे राहून जाम झालेले इंजिन एकदम फिरविता येत नाही. सिलिंडरमध्ये तेल सोडून, दिवसेंदिवस वाट पाहून ते इंचाइंचाने मोकळे करावे लागते. ब्रेकच्या नळ्या बदलाव्या लागतात, गंजलेले कमानपाटे सुटे करून पुन्हा बांधावे लागतात. बाजारात न मिळणारा भाग लेथवर घडवून घ्यावा लागतो. जुन्या ट्रकचा गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो आणि स्टिअरिंग दंडाच्या बळावर वळवावे लागते. ही विद्या पुस्तकांत थोडी आणि मेस्त्रीच्या हातांत अधिक असते. हात थकले की तीही संपते.

मोटार जपली, ट्रक का नाही?

आपल्याकडेही जुन्या मोटारी हौसेने जपल्या जातात आणि त्यांच्या मिरवणुका निघतात. मग ट्रकचीच उपेक्षा का? याचे कारण रसिकतेच्या अभावात नाही, ते अर्थशास्त्रात आहे. मोटार ही श्रीमंत घरातील उपभोगाची वस्तू होती. ती बंद पडली तरी तिला जागा होती आणि प्रतिष्ठाही होती. ट्रक हे उत्पादनाचे साधन, आणि तेही बहुधा कर्जाने घेतलेले. ज्या दिवशी त्याची कमाई थांबते, त्या दिवशी तो ज्या जागेवर उभा असतो ती जागादेखील खर्चात जमा होते. एका ट्रकच्या मालकाला माया परवडत नाही. फार तर स्टिअरिंग परवडते.

कायद्यानेही हाच भेद पक्का केला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार रुपये, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, अशी ही व्यवस्था आहे. अशी गाडी प्रदर्शन, फेरी किंवा दुरुस्तीपुरती रस्त्यावर आणता येते. व्यवस्था चांगली आहे. परंतु ती खासगी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांपुरतीच आहे. मालवाहू ट्रकला तीत स्थान नाही. त्यानंतर महिनाभरात, १३ ऑगस्ट २०२१ रोजी, जुनी वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. मोटारीला वारसा आणि ट्रकला मोडीचा रस्ता, अशी ही वाटणी झाली.

सोलापूरने तरी या वाटणीचा विचार केला पाहिजे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच शहरात झाला. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो ट्रक बाहेर पडले. टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनविण्यास आरंभ केला तो १९५४ साली. स्वतंत्र भारताचे धान्य, सिमेंट, कापूस आणि आपली सोलापुरी चादर याच गाड्यांनी वाहिली. परंतु वालचंदांच्या जन्मगावातील आजच्या किती विद्यार्थ्यांनी फार्गो डोळ्यांनी पाहिला असेल?

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे कारखान्यातून पुष्कळदा नुसती चासी येई. केबिन आणि हौदा गावोगावचे सुतार आणि लोहार बांधीत, रंगारी ते रंगवीत. म्हणजे भारतीय ट्रकचे ‘मूळ रूप’ अर्धे कारखान्याचे, तर अर्धे स्थानिक कारागिराचे असते. तो मोडीत निघाला की नाव नसलेल्या त्या कारागिराची कामगिरीही पुसली जाते.

आक्षेप आणि उपाय

यावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. जुने ट्रक धूर ओकतात, त्यांचे ब्रेक भरवशाचे नसतात. ते रोजच्या वाहतुकीतून गेलेच पाहिजेत. ज्या जिल्ह्यात पिण्याच्या पाण्याची चणचण भासते, तेथे सरकारने हौसेसाठी पैसा का खर्चावा, हाही प्रश्न योग्यच आहे. परंतु येथे सरकारी तिजोरीची मागणी नाही. हजारो ट्रक मोडीत निघत असता प्रत्येक जातीचे दोन-चार नमुने राखल्याने हवा बिघडत नाही.

मागणी तीन गोष्टींची आहे. व्हिंटेज नोंदणीचे दार मालवाहू वाहनांनाही, मोटारींच्याच अटींवर, उघडावे. मोडीच्या केंद्रात पन्नास वर्षांहून जुने वाहन आल्यास ते कापण्यापूर्वी जाहीर सूचना द्यावी आणि भंगाराच्याच भावाने ते जतन करणाऱ्याला घेऊ द्यावे. त्यात मालकाचे नुकसान नाही. तिसरे असे, की औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी असा एखादा ट्रक घेऊन निवृत्त मेस्त्रींच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांकडून तो चालू करून घ्यावा. संगणकाला न जोडलेले इंजिन शिकण्यास सोपे असते. त्याचा प्रत्येक भाग हाताला लागतो.

हिशेबाच्या वहीत भंगाराच्या किमतीनंतर रकाना नसतो, हे मी यंदाही वर्गात सांगणार आहे. मात्र वही मालकाची असते, समाजाची नव्हे, हेही त्यासोबत सांगेन. राजांचे रथ आणि श्रीमंतांच्या मोटारी आपण जपल्या. ज्यांनी देशाचे ओझे वाहिले, त्यांपैकी एखादा तरी चालू स्थितीत उरला, तर भिंतीवरच्या त्या स्टिअरिंगला आपली गाडी सापडल्यासारखे होईल.