बिरसीचा बैल कुठे जातो?

गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेल्या विमानाचा मार्ग कागदावर असतो. इंग्रजांच्या काळातल्या या विमानतळावरून 2022 मध्ये नियमित प्रवासी विमाने सुरू झाली. कुठले कुठून आले, कुठे गेले, सारे नोंदलेले. त्याच शिवारातून विकलेला बैल मात्र दोन बाजार फिरून मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडे गेला, की देवरीमार्गे छत्तीसगडात उतरला, याचा पत्ता लागणे कठीण. गोंदिया जिल्ह्याला या दोन राज्यांच्या सीमा भिडतात, म्हणून ही उणीव इथे अधिक बोचते.

जनावरांच्या रोगांचा माग काढणारे संशोधक गाव आणि बाजार यांना ठिपके मानतात आणि प्रत्येक खरेदी-विक्रीची रेघ ओढतात. रेघेला दिशा असते, तारीखही असते. समजा, बिरसीच्या शेतकऱ्याने सोमवारी आपली गाय गोंदियाला विकली आणि मंगळवारी आमगावहून दुसरी आणली. आमगावच्या गायीचा रोग या वाटेने गोंदियाला पोचणार नाही. पहिली गाय आधीच गेली. वार उलटे करा, रोगाला रस्ता मोकळा. नुसते नकाशे पाहून हे कळत नाही.

मोठा बाजार धोक्याचा, हे कुणीही सांगेल. ठिपक्या-रेघांच्या या जाळ्याचे गणित त्यापुढे जाते: दोन मुलखांना जोडणारा एखादा लहानसा बाजारही तितकाच धोक्याचा असतो. तो वेळेत थांबवला, तर जाळ्याचे दोन तुकडे होतात. लस आणि तपासणी आधी तिथे पोचली पाहिजे.

उशिराची किंमत ब्रिटनने 2001 मध्ये मोजली. 20 फेब्रुवारीला लाळ्या-खुरकूत निश्चित झाला, पण तोवर हेक्सॅम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून बाधित मेंढ्या दूरदूर गेल्या होत्या. 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. आपल्याकडे 2022 मध्ये गुरांचा लम्पी त्वचारोग पसरला, तेव्हा बाजार आणि वाहतूक बंद करावी लागली. चावणारी माशी रोग शेजारच्या गोठ्यात नेते. लांबची उडी तो गाडीतून मारतो. कोंबड्यांच्या बाबतीत तर रिकामा, न धुतलेला पिंजराही पुरतो. 2006 चा नवापूरचा बर्ड फ्लू आठवावा.

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या कित्येक रेघा बाजाराच्या पावतीत येतच नाहीत. शंकरपटाच्या शर्यतीला लांबून आलेली बैलजोडी, लेकीला आंदण दिलेली गाय, पाहुण्याकडे धाडलेला गोऱ्हा. त्या घरोघर विचारूनच कळतील, आणि हे काम झाले पाहिजे.

राज्यात 1 जून 2024 पासून कानातल्या बारा अंकी बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. पण बिल्ला फक्त ओळख सांगतो. मालक बदलल्याची नोंद झाली, तरच रेघ उमटते. म्हणून विकताना ती नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात करवून घ्या, आणि विकत आणलेले जनावर तीन-चार आठवडे वेगळे बांधा.