क्लिक झालं, पण विक्री कुणामुळे?

मे २००२. शुक्रवारची दुपार. कॅलिफोर्नियात, माउंटन व्ह्यूच्या गूगल कचेरीत लॅरी पेज आपल्याच सर्च इंजिनात एकेक शब्द टाकून बघत बसला होता. त्यानं ‘कावासाकी एच१बी’ असं लिहिलं. ही एक जुनी मोटरसायकल, शौकिनांनी जिवापाड जपलेली. शेजारी जाहिराती आल्या त्या मात्र वकिलांच्या : एच-१बी व्हिसाचं काम आमच्याकडे द्या! (पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत कुणाला यात काही वावगं वाटलं नसतं. तिथे व्हिसा सगळ्यांना ठाऊक, मोटरसायकल कुणालाच नाही.) मग त्यानं फ्रान्समधली गुहाचित्रं शोधली. जाहिरात म्हणाली, फ्रेंच गुहाचित्रं आमच्या दुकानात विकत मिळतील.

पेजनं बैठक बोलावली नाही की जाहिरात विभागाच्या प्रमुखाला बोल लावला नाही. त्यानं ती पानं छापून घेतली, आचरट जाहिरातींवर रंगीत खुणा केल्या आणि सगळे कागद स्वयंपाकघरातल्या, पूल टेबलाशेजारच्या फलकावर डकवले. वर मोठ्या अक्षरांत शेरा मारला, या जाहिराती भिकार आहेत. आणि तो घरी गेला.

सोमवारी पहाटे ५ वाजून ५ मिनिटांनी एक ईमेल आली. पाठवणारा गूगलचा अभियंता जेफ डीन. कागद त्यानं आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी पाहिले होते, शेरा त्यांना पटला होता, आणि शनिवार-रविवार खपून त्यांनी जाहिराती अशा का येतात याची चिरफाड केली होती. नुसती चिरफाड नव्हे, उपायाचा चालता नमुनाही सोबत जोडला होता. पाचांपैकी एकाचंही नाव जाहिरात विभागाच्या हजेरीपटावर नव्हतं. हा किस्सा गूगलच्याच एरिक श्मिट आणि जोनाथन रोझेनबर्ग यांनी ‘हाऊ गूगल वर्क्स’ या २०१४ च्या पुस्तकात सांगितला आहे. त्यांनी तो कंपनीच्या संस्कृतीचं कौतुक म्हणून सांगितला. मला त्यातली संस्कृती तितकीशी महत्त्वाची वाटत नाही; त्या ईमेलमधला प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

तो कळायला चार वर्षं मागं जावं लागेल. १९९८ मध्ये बिल ग्रॉस नावाच्या उद्योजकानं गोटू डॉट कॉम काढलं आणि शोधशब्दांचा लिलाव सुरू केला. जो क्लिकमागे जास्त पैसे देईल त्याचं नाव वर. कल्पना एवढी कसदार होती की पुढे हीच कंपनी ओव्हर्चर या नावानं याहूनं विकत घेतली आणि पेटंटचा दावा मिटवताना गूगलला २७ लाख शेअर मोजावे लागले. पण नुसत्या बोलीत एक भोक होतं. समजा, ‘पैठणी’ या शब्दावर एक मोबाइल कंपनी क्लिकमागे २० रुपये द्यायला तयार आहे आणि येवल्याचा एक विणकर ५ रुपये. हजार जणांनी पैठणी शोधली. मोबाइलवर दोघांनी क्लिक केलं : ४० रुपये. विणकराच्या जाहिरातीवर पन्नास जणांनी केलं : २५० रुपये. म्हणजे कमी बोली लावणारा विणकरच सर्च इंजिनाला जास्त पैसे देऊन जातो, आणि शोधणाऱ्यालाही हवं ते मिळतं. बोली गुणिले क्लिकची शक्यता. गूगलनं फेब्रुवारी २००२ पासून क्लिकही हिशेबात धरायला सुरुवात केली होती.

मग मोटरसायकलवाल्याला वकील का भेटले? क्लिकची शक्यता मागच्या क्लिकवरून काढायची, तर मागं काही घडलेलं हवं. जुन्या मोटरसायकलचा तो विशिष्ट शब्द आणि वकिलाची ती विशिष्ट जाहिरात यांची गाठ आधी किती वेळा पडली असणार? रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच झालेले नसतात, असं गूगल वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. डीन आणि मंडळींचं म्हणणं असं की प्रत्येक जाहिरातीला, त्या-त्या शोधाच्या संदर्भात, समर्पकतेचे गुण द्यावेत आणि वरखाली करताना ते गुण मोजावेत. जे अजून घडलेलं नाही त्याचा अंदाज यंत्रानं बांधावा. गूगलच्या जाहिरातींचा अब्जावधी डॉलरचा इमला पुढे याच पायावर चढला. त्या पाचांत नोम शझीर नावाचा तरुण होता. २०१७ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेचा शोधनिबंध लिहिणाऱ्या आठ जणांत तो पुन्हा दिसतो, आणि आजचे चॅटजीपीटीसारखे बहुतेक बोलके संगणक त्याच रचनेवर उभे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता जाहिरातीच्या धंद्यात अलीकडे शिरली असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ती तिथेच बाळसं धरत होती.

त्याचं कारणही आहे. यंत्राला शिकायला उदाहरणं लागतात, आणि उत्तर बरोबर की चूक हे पटकन कळावं लागतं. वैद्यकात किंवा शेतीत ते कळायला महिने जातात. जाहिरातीत काही सेकंद पुरतात : क्लिक झालं किंवा नाही झालं. अशी हो-नाही उत्तरं रोज अब्जावधी. २०१४ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी आपली पद्धत जाहीर केली, तेव्हा रोजचे वापरणारे ७५ कोटींहून आणि जाहिरातदार दहा लाखांहून जास्त होते. त्यांचा निष्कर्ष गमतीदार होता. कुठलं गणित वापरायचं यानं फरक पडतो, पण त्याहून कितीतरी जास्त फरक पडतो तो माणसाचा आणि जाहिरातीचा मागचा इतिहास हाताशी असल्यानं. शिवाय हा इतिहास ताजा हवा; यंत्राला रोज नव्यानं शिकवलं तर अंदाज सुधारतो, आठवडाभर थांबलं तर बिघडतो.

इथवर सगळं छान चाललं होतं. अंदाज सुधारत होते, क्लिक वाढत होते, आलेख चढत होते. मग ईबे या ऑनलाइन बाजाराच्या कंपनीत एक अर्थशास्त्रज्ञ आला.

स्टीव्ह टाडेलिस हा बर्कलीचा प्राध्यापक. २०११ मध्ये रजा काढून तो ईबेच्या संशोधन विभागात रुजू झाला. ईबे अमेरिकेत सर्च जाहिरातींवर वर्षाला सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर खर्च करत होती, आणि जाहिरात विभागाकडे त्याचा भरघोस परतावा दाखवणारे तक्ते होते. तक्ते बनवणारे सल्लागार जडजड गणिताची नावं घेत. टाडेलिसला ते गणित येत होतं, त्यामुळे तो दबला नाही. हा परतावा मोजला कसा, एवढंच तो विचारत राहिला. उत्तर साधारण असं, की जाहिरातीवर क्लिक करून आलेल्या माणसानं केलेली खरेदी ती जाहिरातीमुळे झालेली खरेदी.

आता ‘ईबे’ हाच शब्द गूगलमध्ये टाकणारा माणूस घ्या. तो ईबेवर निघालेलाच आहे. निकालात सर्वांत वर ईबेनं पैसे देऊन लावलेली जाहिरात, आणि तिच्याच खाली फुकटचा नेहमीचा दुवा. तो वरच्यावर क्लिक करतो. ईबे पैसे मोजते. तक्त्यात नोंद होते : जाहिरात यशस्वी.

आषाढीच्या वारीत दिवेघाटात उभं राहून ‘पंढरपूरला चला’ अशी पत्रकं वाटावीत, आणि पत्रक घेतलेल्यांपैकी जवळजवळ सगळे पंढरपुरात पोचले असा अहवाल द्यावा, तशातला हा प्रकार.

मार्च २०१२ मध्ये ईबेनं याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवल्या; गूगलवर चालू ठेवल्या. जाहिरातींतून येणारी जी वर्दळ गेली, तिच्यातली ९९.५ टक्के खालच्या फुकटच्या दुव्यावरून परत आली. इतके दिवस जे पैसे जात होते, ते आपल्याच दारात येणाऱ्या माणसाला दार दाखवण्यासाठी.

जाहिरात विभागाचा बचाव तयार होता, आणि तो बिनबुडाचा नव्हता. नावाच्या जाहिराती सोडा, ‘जुनी गिटार’ असं शोधणाऱ्याला आम्ही ईबेवर आणतो, त्याचं काय? याचं उत्तर तक्त्यांतून निघणार नव्हतं. मग टाडेलिस, टॉम ब्लेक आणि क्रिस नोस्को या तिघांनी अमेरिकेचा नकाशा पुढे घेतला. टीव्हीच्या जाहिरातींसाठी त्या देशाचे २१० बाजार-विभाग पाडलेले आहेत. त्यांतल्या सुमारे ३० टक्के विभागांत गूगलवरच्या या जाहिराती ६० दिवस बंद ठेवल्या, बाकीच्या ठिकाणी चालू. नंतर क्लिक मोजलेच नाहीत. दोन्हीकडची विक्री मोजली.

फरक निघाला ०.४४ टक्के. संख्याशास्त्राच्या भाषेत, शून्यापासून वेगळा ओळखू न येणारा.

जुन्या रीतीनं हाच हिशेब केला तर परतावा ४,१०० टक्क्यांच्या वर जात होता. प्रयोगातून आलेला आकडा होता उणे ६३ टक्के. एका डॉलरमागे ६३ सेंट बुडीत. आकडेमोडीत चूक कुठेच नव्हती. तुलना चुकीच्या माणसांशी होती. जे ईबेवर वारंवार येत, त्यांच्यावर जाहिरातीचा काही परिणाम होत नव्हता, आणि जाहिरातींचा बहुतेक पैसा नेमका त्यांच्याच क्लिकवर जात होता. जे नवे होते किंवा वर्षातून एखाददुसरी खरेदी करत, त्यांच्यावर मात्र परिणाम दिसला. या प्रयोगांवरचा शोधनिबंध जानेवारी २०१५ मध्ये ‘इकॉनॉमेट्रिका’त छापून आला.

‘कोण क्लिक करील’ हे यंत्र विलक्षण अचूक सांगायला शिकलं. पुढे ‘कोण खरेदी करील’ हेही शिकलं. पण जो माणूस खरेदी करण्याची शक्यता सर्वांत जास्त, तो बहुधा जाहिरातीशिवायही करणारच असतो. त्यामुळे यंत्र जितकं हुशार, तितकं ते वारकरी नेमके शोधून काढतं, आणि तक्ता तितकाच सुंदर दिसतो. दोष यंत्राला देता येत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते चोख देतं. विचारायचा प्रश्न होता तो असा : जाहिरात दाखवली तर हा घेण्याची शक्यता किती, न दाखवली तर किती, आणि या दोहोंतला फरक किती? धंद्यात या फरकाला ‘लिफ्ट’ म्हणतात. अडचण अशी की एकाच माणसाला एकाच वेळी जाहिरात दाखवणं आणि न दाखवणं शक्य नसतं. म्हणून काही माणसं किंवा काही गावं चिठ्ठ्या टाकून बाजूला काढावी लागतात.

नुसत्या हुशार गणितावर हे भागणार नाही का? हेही तपासून झालं आहे. २०१९ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले आणि फेसबुकमधले संशोधक यांनी मिळून फेसबुकवरचे १५ मोठे प्रयोग घेतले. प्रयोगाचं खरं उत्तर झाकून ठेवलं आणि प्रयोगाविना वापरल्या जाणाऱ्या मान्यवर गणिती पद्धतींनी तेच उत्तर काढता येतं का, ते पाहिलं. अनेकदा ते मोठ्या फरकानं चुकलं. बऱ्याच वेळा जाहिरातीचं श्रेय फुगवून.

तरी ईबेची गोष्ट ऐकून सगळ्या जाहिराती बंद करायला निघणं हा शुद्ध उतावीळपणा होईल. ईबेचं नाव अमेरिकेत घरोघरी माहीत होतं; ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही त्याची गत वेगळी, आणि नव्या गिऱ्हाइकांवर परिणाम होतो हे त्याच प्रयोगानं दाखवलं. दुसरी गोष्ट, मोजणं फार कठीण आहे. रँडल लुइस आणि जस्टिन राव यांनी २५ मोठे जाहिरात-प्रयोग अभ्यासले, तेव्हा दिसलं की माणसाच्या खरेदीत एरवीच इतके चढउतार असतात की त्यांत जाहिरातीचा बारीकसा परिणाम हरवून जातो. लाखो माणसांवर प्रयोग करूनही नफा की तोटा हे छातीठोकपणे सांगणं अवघड जातं.

आज जाहिरात कुणाला, केव्हा, कोणत्या चित्रासह दाखवायची हे सगळं यंत्रच ठरवतं. गूगलचं २०२१ पासूनचं ‘परफॉर्मन्स मॅक्स’ तर बजेट, उद्दिष्ट आणि थोडी चित्रं-मजकूर एवढंच मागतं. बाकीचं ते बघतं. कोल्हापूरचा चप्पलवाला किंवा रत्नागिरीचा आंबेवाला हेच बटण दाबतो, आणि महिनाअखेरीस त्यालाही तसाच देखणा तक्ता मिळतो. ज्याला महिन्याला दहाच ऑर्डर येतात त्यानं प्रयोगाच्या फंदात पडू नये. त्यातून काही निष्पन्न होणार नाही. ज्याच्या ऑर्डरी हजारांत आहेत, त्यानं आधी स्वतःच्याच दुकानाच्या नावावर लावलेली जाहिरात दोन आठवडे थांबवून पाहावी, कारण पैसे वाया जाण्याची शक्यता तिथे सर्वांत मोठी. प्रतिस्पर्धी त्या नावावर बोली लावत असेल, तर तेही तेवढ्यात कळेल. त्यानंतर जिल्हे घ्यावेत. निम्म्या जिल्ह्यांत जाहिरात बंद, निम्म्यांत चालू, किमान दोन महिने, आणि मोजायचं ते क्लिक नव्हे, गल्ल्यात आलेले पैसे. कुठले जिल्हे बंद ठेवायचे हे मात्र चिठ्ठ्या टाकूनच ठरवा. जिथे खप कमी तेच बंद करायचा मोह होईल. तो केलात तर दोन महिन्यांनी हातात पुन्हा एक तक्ताच उरेल.