धम्मलेखनातील संदर्भांची शिस्त

स्मरणिका व विशेषांक चाळताना ‘बाबासाहेब म्हणतात’ आणि ‘तथागतांनी सांगितले आहे’ ही दोन वाक्ये वारंवार आढळतात. कोठे म्हणतात, कोणत्या सुत्तात सांगितले आहे, याचा निर्देश मात्र क्वचितच असतो. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी लिहिणाऱ्या अभ्यासकास पुण्या-मुंबईची ग्रंथालये लाभत नाहीत, ही अडचण खरी; परंतु हाती असलेल्या पुस्तकाचे नाव, आवृत्ती व पृष्ठ नोंदविण्यास मोठे ग्रंथालय लागत नाही.

या निर्देशाचे मोल ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या इतिहासावरून ध्यानी येते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली तो प्रसिद्ध झाला. कोणते कथन कोणत्या सुत्तातून घेतले, याच्या टिपा त्यात नव्हत्या. सामान्य उपासकाने तो सलग वाचावा अशीच त्याची रचना आहे, असे आम्हांस वाटते. टीकाकारांना मात्र निमित्त मिळाले. ग्रंथाचे नाव ‘आंबेडकर आणि त्यांचा धम्म’ असावयास हवे होते, असा शेरा १९५९ साली ‘महाबोधी’ मासिकातील परीक्षणात आला. या आक्षेपास खरे उत्तर दिले ते भदन्त आनंद कौसल्यायन यांनी. हिंदी अनुवाद करताना त्यांनी मूळ पाली स्थळे शोधून काढली. पुढे महाराष्ट्र शासनाने हा ग्रंथ अकरावा खंड म्हणून १९९२ मध्ये, तर पाली व इतर स्रोतांची पुरवणी १९९५ मध्ये प्रकाशित केली.

स्रोत कळले म्हणजे ग्रंथ मुळाशी कोठे जुळतो हे दिसते. कोठे वेगळा होतो हेही दिसते, आणि ते झाकण्याचे कारण नाही. गृहत्यागाचेच पाहा. वृद्ध, रोगी व प्रेत यांच्या दर्शनाची कथा बाबासाहेबांनी नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा हे कारण मांडले. अट्ठकथेत हा तंटा संबोधीनंतरच्या काळात येतो. परंतु सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे धर्मानंद कोसंबी यांनीही गृहत्यागाचा संबंध अशाच कलहाशी जोडला होता. ही तिन्ही स्थळे वाचकापुढे ठेवली, तर बाबासाहेबांची निवड विचारपूर्वक केलेली आहे हे तो स्वतः पडताळू शकतो. केवळ श्रद्धेने केलेले समर्थन येथे अपुरे पडते.

पडताळणीची ही अपेक्षा आपल्याला परकी नाही. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात चार महापदेस आले आहेत. एखादा भिक्खू ‘हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले’ असे म्हणाला, तरी ते एकदम स्वीकारू नये वा धिक्कारू नये; सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे, असा तो उपदेश आहे.

आता प्रत्यक्ष रीत. पाली वचनासाठी निकाय व सुत्ताचे नाव अवश्य द्यावे. पाली टेक्स्ट सोसायटीची रोमन आवृत्ती आणि नालंदेची देवनागरी आवृत्ती यांची पृष्ठे जुळत नाहीत. म्हणून नुसता पृष्ठांक निरुपयोगी ठरतो. धम्मपदासाठी गाथाक्रमांक पुरतो. बाबासाहेबांच्या धम्मग्रंथासाठी खंड, भाग, प्रकरण व परिच्छेदाचा क्रमांक द्यावा. तो मराठी, हिंदी, इंग्रजी कोणत्याही आवृत्तीत शोधता येतो. भाषणासाठी ‘जनता’ किंवा ‘प्रबुद्ध भारत’चा अंक व तारीख द्यावी. मूळ अंक स्वतः पाहिला नसेल, तर ज्या पुस्तकातून अवतरण घेतले त्याचेच नाव लिहावे. दुसऱ्याने दिलेली तळटीप स्वतः पाहिल्याप्रमाणे उतरवून घेणे ही आपल्याकडे फार रुळलेली खोड आहे, आणि मूळ लेखकाची मुद्रणचूकही त्याबरोबर पुढे जाते.