अननसाचा वास, रबराच्या भेगा आणि सोळा पिनांचं सॉकेट

लोणखेड्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यालगत त्यांचं गॅरेज. पपई वाहणाऱ्या डिझेल पिकअप, सीएनजीच्या कार, असं मिळेल ते काम. ते विचारतात, ‘स्कॅनर घ्यायचाय. मोबाइलला जोडायचा पाचशे-सातशेचा डबा पुरेल, की कर्ज काढून मोठा टॅबवाला घेऊ?’

उत्तर लिहायला बसलो आणि भलतीकडेच, एका अननसापाशी जाऊन पोचलो.

एरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये ते अननसाचा स्वाद नेमका कोणत्या द्रव्यांमुळे येतो, हे शोधत होते. बाहेर लॉस एंजेलिसच्या हवेत लोकांचे डोळे चुरचुरत होते, शेतातल्या भाज्यांची पानं करपत होती. हागेन-स्मिटनी अननसाची वाफ गोठवण्याची पद्धत शहराच्या हवेला लावली आणि काही थेंब घाण वासाचा द्रव हाती आला. त्यातून १९५०च्या सुमारास उलगडा झाला: गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निसटलेल्या इंधनाच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. तेल उद्योगाच्या पैशावर चाललेल्या संशोधनाने त्यांना खोडून काढायचा प्रयत्न केला. त्यामुळे हा गृहस्थ आणखीच इरेला पेटला. ओझोन मोजायची त्यांची युक्ती मला फार आवडते: रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि किती वेळात भेगा पडतात ते पाहायचं. ही रबरपट्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या हवा-संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. याच मंडळाने पुढे नियम केला, की धूर आटोक्यात ठेवणारी यंत्रणा बिघडली तर गाडीने स्वतःच सांगितलं पाहिजे. १९८८च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात त्याची पहिली आवृत्ती आली आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना एकाच आकाराचं सोळा पिनांचं सॉकेट आलं. आपल्याकडे ही ‘ओबीडी’ (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीने स्वतःच करायचं निदान) भारत स्टेज-४ (बीएस-४) या धुराच्या नियमांबरोबर २०१० पासून शिरली. आता बीएस-६च्या काळात मोटारसायकललाही तिच्यातून सुटका नाही.

म्हणजे स्कॅनर जिथे जोडतात ते स्टिअरिंगखालचं सॉकेट मिस्त्रीच्या सोयीसाठी जन्मलेलंच नाही. ते हवेच्या पहारेकऱ्याचं. म्हणून इंजिन आणि धुराबद्दलचे ‘पी०’ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांत सारखे असतात आणि स्वस्त डबाही ते वाचतो. एबीएस, एअरबॅग, इमोबिलायझर यांची भाषा मात्र ज्या त्या कंपनीची. तिथे स्वस्त डबा बहुधा मुका होतो.

या डब्याचीही एक गंमत आहे. त्याच्या पोटातली ‘ईएलएम३२७’ ही चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. पहिल्या आवृत्तीतल्या प्रोग्रामला त्यांनी कुलूपच लावलं नव्हतं, मग नकलांचा पूर आला. बाजारात सर्रास ‘आवृत्ती १.५’ म्हणून विकली जाणारी चिप मूळ कंपनीने कधी काढलीच नाही! खऱ्या नोटेशिवाय छापलेली खोटी नोट. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. नकला मजेत आहेत.

पण महाग यंत्र घेतलं म्हणजे ते बिघाड सांगतं, हाही भ्रमच. माझ्या गाडीला पी०१७१ हा कोड आला होता. अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर बदलला, डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा पुन्हा लागला. दुसरा सेन्सर बदलला, पुन्हा तेच. चोर सोडून संन्याशाला फाशी! सेन्सर बिचारा खरंच बोलत होता. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने स्कॅनरवर ‘लाइव्ह डेटा’ उघडला. गाडी जागेवर चालू असताना कॉम्प्युटर पेट्रोल बरंच वाढवत होता. रेस दिली की ती वाढ उतरत होती. म्हणजे हवा कुठूनतरी चोरून शिरतेय. उलट, रेस दिल्यावर वाढ चढली असती, तर आधी पंप आणि फिल्टर तपासावे लागले असते. एअर फिल्टरनंतरच्या रबरी नळीला घडीत बारीक भेगा पडल्या होत्या. उष्णता, वय आणि ओझोन! हागेन-स्मिटची पट्टी माझ्या बॉनेटखालीच होती.

तेव्हा दादा, ‘शंभर ब्रँड चालतात’ या जाहिरातीला भुलू नका. विकणाऱ्याला यंत्र घेऊन गॅरेजवर बोलवा आणि तुमच्याकडे रोज येणारी पिकअप आणि एखादी सीएनजी कार त्याच्यासमोर लावा. लाइव्ह डेटाचा आलेख दिसतो का? बीएस-६ डिझेलच्या धूरगाळणीत साचलेली काजळी जाळायचा हुकूम यंत्र देतं का? गावात आखूड फेऱ्या मारणाऱ्या पिकअपचं दुखणं तिथेच असतं. वर्षाला अपडेटचे पैसे किती, आणि ते भरले नाहीत तर यंत्र चालतं की अडतं? कर्ज काढायचं ते एवढं पाहून.

काही दारं मात्र कुठलाही विक्रेता उघडणार नाही. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि निदानाची साधनं मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला होता. पुढे प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टलही काढलं. पण काही नव्या गाड्यांत त्या सॉकेटमागे आता सुरक्षेच्या नावाखाली डिजिटल फाटक बसलं आहे आणि चावी कंपनीकडे.

ते फाटक उघडेपर्यंत हातातल्या डब्यानेही एक करता येईल. तोरणमाळच्या घाटात दिवा लागलेली गाडी आली, तर त्या क्षणाचा वेग, इंजिनवरचा भार, तापमान ‘फ्रीझ फ्रेम’मध्ये साठलेलं असतं. गिऱ्हाईक घाई करेल, दिवा घालवा म्हणेल. आधी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. कोड पुसला की तेही पुसलं जातं.