सिंगापूर ते न्यूयॉर्क : अंतर आणि वेळ
सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी या विमानतळांमधील अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर असून ते बृहद्वृत्तावर, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्याच केंद्राशी जुळते अशा भूपृष्ठावरील वर्तुळावर, मोजले जाते. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचा फरक असल्यामुळे ही रेषा उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की हे चटकन उमगते, सपाट नकाशा मात्र येथे हमखास फसवतो.

विमाने हीच रेषा नेहमी धरत नाहीत, कारण सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, पाठीशी मिळत असेल तर पॅसिफिकवरून जाणारा लांबचा मार्गही वेळ आणि इंधन वाचवतो. साधारण साडेअठरा ते एकोणीस तासांच्या या विनाथांबा उड्डाणासाठी एअरबस ए३५०-९०० यूएलआर हे विमान वापरतात, ज्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावते. उन्हाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत नेमका १२ तासांचा फरक असतो, त्यामुळे मध्यरात्री निघालेला प्रवासी न्यूयॉर्कला त्याच तारखेच्या सकाळी उतरतो.