ब्रुसेल्स ते लंडन : सव्वा तासाचे उड्डाण, अर्ध्या दिवसाचा प्रवास

अँटवर्पच्या हिरेबाजारात ज्यांचे आप्त आहेत, त्या कुटुंबांना ब्रुसेल्स-लंडन प्रवास अपरिचित नाही. सकाळी जाऊन, काम उरकून संध्याकाळी परतावे, असा बेत पुष्कळदा आखला जातो. या दोन शहरांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ३२० किलोमीटर, म्हणजे मुंबई-सोलापूरपेक्षाही कमी. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरला, तर पंचवीस मिनिटांत पोहोचावे. वेळापत्रक मात्र सुमारे सव्वा तास दाखवते.

कारण छापलेली वेळ केवळ आकाशातील नसते. विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभे राहीपर्यंतचा सारा काळ तीत धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत सरकणे, रांगेत थांबणे, वर चढणे आणि स्थिरावते न स्थिरावते तोच उतरणीस लागणे, यांतच बराच वेळ जातो. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच. वर्दळीच्या वेळी विमानांना लंडनजवळ आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

घड्याळाचा घोळ वेगळाच. ब्रुसेल्स वर्षभर लंडनच्या एक तास पुढे असते. त्यामुळे नऊ वाजता सुटलेले विमान तिकिटावर सव्वानऊला पोहोचते आणि परतीचा प्रवास सव्वादोन तासांचा भासतो. व्यवहाराची भेट ठरवताना वेळ कोणत्या शहराची, हे विचारून घ्यावेच.

खरा हिशेब घरापासून घरापर्यंतचा. कर्जाचा दर पाहून इतर आकार न पाहणारे ग्राहक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. विमानाच्या तिकिटाचेही तसेच. ब्रुसेल्सच्या मिडी स्थानकापासून झाव्हेंटेम विमानतळ रेल्वेने वीसेक मिनिटे, तेथे किमान दोन तास आधी हजेरी, मग उड्डाण, पारपत्र तपासणी आणि हीथ्रोहून शहरात येणे. साडेचार तास सहज जातात.

याउलट युरोस्टार रेल्वे मिडीहून सुमारे दोन तासांत लंडनच्या मध्यभागी, सेंट पँक्रास स्थानकात आणून सोडते. १९९४ साली खुला झालेला खाडीखालचा बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातील सुमारे ३८ समुद्रतळाखाली. दोन्ही देशांची पारपत्र तपासणी ब्रुसेल्सलाच होते. लंडनला उतरून थेट चालू पडावे. तासभर आधीची हजेरी धरूनही तीन-साडेतीन तास पुरतात. अँटवर्पहून निघणाऱ्यांनी दोन्ही हिशेबांत आणखी पाऊण तास मिळवावा. हीथ्रोहून पुढे मुंबईचे विमान पकडायचे असेल, तरच मला विमान सोयीचे वाटते.

भारतीय पारपत्रधारकांनी एक बाब तिकिटाआधीच पाहावी. बेल्जियम शेंगेन क्षेत्रात आहे, ब्रिटन नाही. तेथील व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर लंडनला गेलेल्या पाहुण्यास त्याच व्हिसावर अँटवर्पला परतता येत नाही. मग सामान तेथे आणि माणूस येथे, अशी गत होते. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा.