वीज गेली, पण कळवले का?
नांदेड-लातूर भागात एप्रिल-मेमध्ये वळीव वादळवाऱ्यासह येतो. उन्हात तापलेल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर पावसाचे थेंब पडले की तो तडकू शकतो. मग वीजप्रवाह खांबातून जमिनीत उतरतो आणि ११ केव्हीचा फीडर बंद पडतो. हे उपकेंद्रात लगेच कळते; पण गल्लीतल्या डीपीचा फ्यूज उडाला, तर ग्राहकाने सांगितल्याशिवाय सहसा कळत नाही. म्हणून महावितरणच्या १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवायलाच हवी. ‘शेजाऱ्याने कळवले असेलच’ असे प्रत्येकाने धरले, तर गल्ली अंधारातच राहते. वादळात फोन लागत नाही, हा आक्षेप खरा. तरी मोबाइल अ‍ॅपचा मार्ग उरतो. शिवाय वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार भरपाई मागताना नोंदवलेली तक्रारच कामी येते. तुटलेली तार दिसल्यास मात्र दूर राहून आधी तेच कळवावे. तिथे प्रश्न जिवाचा असतो.